बखरीतली पहिली ओळ

मिरजेच्या त्या इस्पितळात तळमजल्यावर सहा नंबरची खोली होती. तिथं कुणाला सुई टोचत नसत, कापाकापी नव्हती, औषधांचा वाससुद्धा नव्हता. तरी माणसं याच खोलीला सगळ्यात जास्त घाबरायची. ऑपरेशनला हसत हसत गेलेले पैलवान गडी सहा नंबरच्या दारात अडखळायचे, आणि काही गरज नसताना चपला बाहेर काढून आत यायचे. रत्नप्रभा त्यांना बसायला सांगायची, पाणी द्यायची आणि मग बखर वाचून दाखवायची.

बखर हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव बिलावर सुद्धा मावत नसे. पण यंत्र आलं त्या वर्षी कुणी तरी गमतीनं बखर म्हणालं, आणि दहा वर्षांत, म्हणजे २०४७ सालापर्यंत, डॉक्टरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं. नाव चुकीचं नव्हतं. राजेरजवाड्यांची लिहितात तशी हे यंत्र कॅन्सरच्या गाठीची बखर लिहायचं: कुठून आली, कुणापासून वाढली, घराणं कसं पसरलं.

ते कसं, हे रत्नप्रभा रोज नव्या माणसाला नव्यानं समजावून सांगायची. आपल्या अंगातली पेशी एकाची दोन होते तेव्हा जवळचा सगळा मजकूर नकलून काढते. तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर. एवढं उतरवून काढताना चुका होणारच. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, थोड्या राहून जातात, आणि एकदा राहिलेली चूक त्या पेशीच्या लेकीनातींत कायमची उतरते. यातल्या काही चुका दर वर्षाला ठरावीक वेगानं साठतात. त्या मोजल्या की साल कळतं. काही चुका विषांच्या असतात, आणि प्रत्येक विषाची खोड निराळी. ऊन एका प्रकारची अक्षरं बिघडवतं, बिडीचा धूर दुसऱ्या, शेंगदाण्यावरची बुरशी तिसऱ्या. यंत्र गाठीतल्या हजारो पेशी सुट्या करून वाचतं, त्यांचा वंश मागं मागं नेतं आणि अखेर एका पेशीपाशी येऊन थांबतं. ती पेशी कोणत्या साली बिघडली आणि कशानं, हे बखरीच्या पहिल्या ओळीत छापून येतं.

ही पहिली ओळ कुणाची हौस म्हणून काढत नसत. पहिली चूक गाठीतल्या झाडून सगळ्या पेशींत असते, म्हणून तिच्यावर नेम धरूनच लस बनवायची. माणसं वाचायला लागली होती ती त्या लसीमुळंच. पण कायदा असा होता की जे छापलं ते रुग्णाला सगळं वाचून दाखवायचं, आणि लोकांच्या कानात लस राहत नसे, साल राहायचं.

तासगावचे दोन भाऊ आले होते. धाकट्याच्या पहिल्या ओळीत २०२८ आणि द्राक्षावरच्या एका औषधाचं नाव निघालं. त्या साली त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप थोरल्यानं दिला होता, कारण थोरल्याचं लग्न ठरत होतं आणि अंगाला वास नको होता. धाकटा बरा झाला. थोरला मात्र गावात राहिला नाही. अशी घरं रत्नप्रभानं डझनानं पाहिली होती. म्हणून बखर वाचून झाली की ती एक वाक्य न चुकता म्हणायची. कुठल्या नियमात नव्हतं, तिचं स्वतःचं होतं.

"बखर साल सांगते, पदार्थ सांगते. हात सांगत नाही. घरी जाऊन हात शोधत बसू नका."

मग एका सोमवारी तिची धाकटी बहीण गाल धरून आली.

तेजस्विनी सेहेचाळीस वर्षांची, सांगलीच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. तंबाखूचं नाव काढलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांत तिनं पानाची टपरी टिकू दिली नव्हती. पंधराव्या वर्षी आईची मशेरीची डबी तिनं हरिपूरच्या घाटावरून नदीत फेकली होती आणि आईकडून शपथ घेतली होती. आईनं ती शपथ पाळली. आणि आता तेजूच्याच डाव्या गालात, खालच्या हिरडीलगत, न भरणारी जखम होती. तुकडा तपासायला गेला, आणि जे नको होतं तेच निघालं.

"अक्का, मी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही गं," तेजू म्हणाली. "मला कळायला पाहिजे. कुठून आलं हे माझ्या तोंडात?"

"लस महत्त्वाची. बाकीचं कळून काय करायचं?"

"तू रोज परक्यांना सांगतेस की. मला का नाही? आणि बखर तूच वाचायचीस. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकायचं नाही."

नात्यातल्या माणसाची बखर वाचू नये असा संकेत होता. विभागाच्या प्रमुख डॉक्टर बागवान बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मुख्याध्यापिकेपुढं त्यांचंही चाललं नाही.

बखर शुक्रवारी दुपारी छापून आली. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. रत्नप्रभानं सवयीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

साल २००५. ऋतू बहुधा पावसाळा. पदार्थ: भाजलेली तंबाखू.

तिनं बोट उचललं. मग तिला वास आला. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजताना येतो तो, घशात बसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. मशेरी भाजणं आता कुणाच्या घरी उरलं नव्हतं, आणि इस्पितळाच्या बंद खोलीत तर प्रश्नच नव्हता. तिनं उठून खिडकी उघडली. वास गेला नाही. उजव्या हाताची तर्जनी तिनं साबणानं धुतली, पुसली, आणि परत धुतली.

२००५ साली ती बारा वर्षांची होती आणि तेजू चार. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, जमिनीखाली खणलेली खोल कोठारं, वरून तोंड बुजवलेली. पेव उघडलं की आतला कोंडलेला वारा जाईपर्यंत थांबायचं असतं. वडील थांबले नाहीत, उतरले, आणि वर आले ते दोराला बांधून. तेव्हापासून आई सांगलीला वखारीत हळद निवडायला जायची, आणि तेजूला सांभाळायचं काम रत्नप्रभाकडं आलं होतं.

महापूर आला त्या दिवशी आई वखारीतच होती. रस्ता बुडाला. गावातली माणसं शाळेच्या माडीवर चढली, त्यांच्याबरोबर या दोघी बहिणी. घरातून निघताना रत्नप्रभानं हाताला लागलं ते उचललं होतं: एक गोधडी, देवाचा फोटो, आईची पत्र्याची डबी. नऊ दिवस आई आली नाही. माडीवर ज्याची त्याला पडली होती. होडीतून बिस्किटांचे पुडे यायचे, घरटी एक. तेजू रडायची. भुकेनं रडायची, आईसाठी रडायची, हिरडी दुखते म्हणून रडायची. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला एक म्हातारा ओरडला, गप्प कर तिला, न्हाईतर खाली टाक. रत्नप्रभाला आठवलं की आपली दाढ ठणकत होती तेव्हा आईनं मशेरी चोळली होती आणि कसं गुंगल्यासारखं होऊन झोप लागली होती. तिनं डबी उघडली. चिमूटभर बोटावर घेतली आणि तेजूच्या डाव्या हिरडीवर चोळली. डाव्या, कारण तेजू तिच्या मांडीवर तशीच निजायची. थोडं थुंकून, थोडं ओकून, पोर झोपली.

पहिले नऊ दिवस भुकेचे होते. त्यांच्यासाठी रत्नप्रभानं स्वतःला केव्हाच माफ केलं होतं. पण पाणी ओसरलं, आई आली, वखार पुन्हा सुरू झाली, आणि तरी तिनं ते थांबवलं नाही. एक बोट लावलं की तेजू दोन तास झोपायची आणि तिला खेळायला जाता यायचं. दिवाळीपर्यंत चाललं ते. मग एके दिवशी आईनं डबी वर फळीवर ठेवली, आणि पुढं एकेचाळीस वर्षं त्यावर घरात एक शब्द निघाला नाही.

सोमवारी तेजू आली, चपला दाराबाहेर काढून. रत्नप्रभानं वाचायला सुरुवात केली. साल वाचलं. पदार्थ वाचला. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं.

"बाकीच्याही ओळी ऐक," ती घाईनं म्हणाली. "एका चुकीनं कॅन्सर होत नसतो, तेजू. पेशीला ब्रेक असतो, तो आधी जायला लागतो. मग वाढायचा हुकूम अडकून बसायला लागतो. बिघडलेल्या पेशीनं मरून जायचं असतं, तो निरोप तिला ऐकू येईनासा व्हायला लागतो. मग कितीही वेळा दुभंगायची ताकद यायला लागते. पाच-सहा चुका, एकाच घराण्यात, एकामागून एक. तुझी दुसरी चूक २०१९ची, आपोआप झालेली, कुणाचा दोष नाही. तिसरी २०३४. तिथं जुनी सूज दिसते. तुझी ती टोकदार दाढ घासायची ना गालाला, किती वर्षं म्हणत होते काढून घे. पहिली चूक झालेली पेशी काही वाईट नव्हती. शेजारणींसारखीच दिसायची, त्यांच्यासारखंच काम करायची. तीस-तीस वर्षं गप्प बसतात अशा पेशी. पन्नाशीच्या कुठल्याही माणसाच्या तोंडात असे शेकडो ठिपके असतात, बहुतेक कधी काही करत नाहीत."

तेजूनं यातलं काही ऐकलं नव्हतं. ती पहिल्याच ओळीवर होती. दुसऱ्या ओळीला कुणी दोष देत नाही.

"मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात मशेरी कोण घालतं?" आणि मग तिचा चेहरा पांढरा पडला. "आई."

आता ते वाक्य म्हणायचं होतं. दहा वर्षं दररोज म्हटलेलं, झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं असं वाक्य. रत्नप्रभानं तोंड उघडलं. बखर साल सांगते. बखर पदार्थ सांगते.

तिनं तोंड मिटलं आणि कागदांची घडी घातली.

हरिपूरला तेजू त्याच दुपारी गेली आणि रत्नप्रभा तिच्यामागं गेली. आई, शेवंताबाई, शहात्तर वर्षांची, दारात उन्हाला बसून लसूण सोलत होती. पुराच्या वेळी असलेलं घर केव्हाच गेलं होतं. हे नंतरचं, पुनर्वसनात मिळालेलं दोन खोल्यांचं. तेजू उभ्या उभ्याच बोलली. बखर, साल, पदार्थ. शाळेत पोरांना दरडावते त्या आवाजात तिनं विचारलं, "तू लावलीस का नाही माझ्या हिरडीला? व्हय का न्हाई, एवढंच सांग."

शेवंताबाईनं आधी तेजूकडं पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागं, रत्नप्रभाकडं. ते पाहणं फार वेळ चाललं नाही, पण रत्नप्रभाला कळलं की आईला सगळं माहीत आहे, आणि पहिल्यापासून माहीत होतं.

"व्हय," शेवंताबाई म्हणाली. "मीच लावली. तू लई रडायचीस."

"कळत नव्हतं तुला?"

"न्हवतं कळत, बाई."

तेजू वळली आणि चालू लागली. रिक्षात तिनं रत्नप्रभाचा हात घट्ट धरला. "आता तूच आहेस मला," ती म्हणाली, आणि रत्नप्रभानं तो हात सोडवून घेतला नाही.

लसीचे सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. लस पेशींना शोधून मारायची तेव्हा तोंड भाजल्यासारखं सोलून निघायचं. तेजूला पाणी गिळता येत नव्हतं. रत्नप्रभानं रजा काढली आणि तिच्याकडं राहायला गेली. तेजूचा नवरा कामानिमित्त बंगळुरात, मुलगी शिकायला परदेशात. चमच्यानं पेज भरवायला तीच. तेजू तिचं मनगट धरून गिळायची. "तू नसतीस तर मी हे सोडून दिलं असतं अक्का," असं तिसऱ्या डोसानंतर ती म्हणाली. त्या वेळी रत्नप्रभा बेसिनपाशी तर्जनी धूत होती.

आई दर चार दिवसांनी डबा पाठवायची. नाचणीची आंबील, मऊ भात, तूप घातलेलं वरण. तेजू झाकणसुद्धा उघडू द्यायची नाही. "परत ने," म्हणायची. "तिच्या हातचं माझ्या तोंडात परत जायचं नाही." रत्नप्रभा भरलेला डबा हरिपूरला घेऊन जायची. शेवंताबाई तो हातात घेऊन वजनावरूनच ओळखायची आणि गाईला घालायची.

एकदा रत्नप्रभाला राहवलं नाही.

"तुला कधी कळलं, आई?"

"आलो त्याच दिशी. माझी डबी निम्मी झालती. आन् पोरीला उचललं तर तोंडाला वास. वाटलं पुरापुरतंच आसंल; दिवाळीला कळलं, तवा डबी वर ठिवली."

"मग मला बोलली का नाहीस? मारलं का नाहीस?"

"मारू?" शेवंताबाई तिच्याकडं बघतच राहिली. "बारा वर्साचं पोर तू. पुराच्या पाण्यात नऊ दिस तिला जित्ती ठिवलीस. आन् तुझ्या दाढंला मशेरी कुणी लावलीती आधी? तुला शिकिवली कुणी?"

"मी सांगते तिला. आजच सांगते."

"गप बस." आवाज एकदम धारदार झाला. "तिला आत्ता राग काढायला कुणीतरी पायजे, त्याला मी हाय. आन् भरवायला कुणीतरी पायजे, त्याला तू. दोन्ही तूच झालीस तर ती गिळंल कुणाच्या हातनं? तुझा बा पेव उघडल्या उघडल्या उतारला. जरा वारं लागू दे म्हनत हुते सगळी. न्हाई आयकलं. म्या मेल्यावर उघड हे पेव, तवर न्हाई."

रत्नप्रभा ऐकून राहिली. तिला हे पटलं म्हणून नव्हे. तिला हे हवं होतं म्हणून. हे तिला कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती, तरीही ती ऐकून राहिली.

पण वास जाईना. चौथ्या डोसाच्या सुमाराला तो भातालाही येऊ लागला. एके दुपारी ती इस्पितळात गेली, सहा नंबरच्या शेजारच्या खोलीत बसली, आणि स्वतःच्या डाव्या हिरडीवरून बोळा फिरवून नमुना यंत्राला दिला. गाठ नसलेल्या, धडधाकट माणसाची बखर कुणी काढत नाही. यंत्राला त्याचं काही नसतं. आठ दिवसांनी कागद आले. तिनं ते वाचले, घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि पुढचे दोन महिने ती पर्स खांद्यावरून उतरवताना सुद्धा जपून उतरवत राहिली.

सहावा डोस झाला. तपासणीत तेजूचं तोंड स्वच्छ निघालं. बागवान बाईंनी पेढे मागितले. त्याच आठवड्यात हरिपूरच्या शेजारणीचा फोन आला, की शेवंताबाई दोन दिवस जेवली नाही, डबा मात्र करून ठेवते आणि कुणी नेईल म्हणून दाराकडं बघत बसते.

रत्नप्रभानं तेजूला गाडीत बसवलं. कुठं चाललोय ते सांगितलं नाही. हरिपूरचा फाटा आला तेव्हा तेजूनं दाराला हात घातला.

"मला नाही यायचं."

"उतरू नकोस. एकदाच चल. नंतर माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल."

शेवंताबाई खाटेवर बसली होती, भिंतीला टेकून. दोघींना एकत्र बघून तिचा हात पदराकडं गेला. डबा तिच्या उशाशी होता.

रत्नप्रभा बसली नाही. सहा नंबरच्या खोलीत बोलायची तसं सावकाश बोलायचं तिनं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

"तेजू, बखर साल सांगते, पदार्थ सांगते. हात सांगत नाही. हे मी सगळ्यांना सांगते, तुला सांगितलं नाही. आईनं नाही लावली. आई नव्हतीच तिथं, पुरात अडकली होती. मी लावली. या बोटानं. आणि आई आल्यावरही लावत राहिले, दिवाळीपर्यंत, मला खेळायला जायचं असायचं म्हणून."

"खोटं," शेवंताबाई खाटेवरून म्हणाली. "डोस्कं फिरलंय हिचं. पोरी, आयकू नगंस. मीच लावली. पूर यायच्या आधीपासनं लावत हुतो."

तेजू एकीकडून दुसरीकडं बघत होती. "कोण खोटं बोलतंय?"

"ही," शेवंताबाई म्हणाली. "ल्हानपनापासनं दुसऱ्याचं अंगावर घ्यायची खोड हाय हिला."

म्हातारी इतकी ठासून बोलत होती की क्षणभर रत्नप्रभालाही वाटलं, असंच असेल का. तसंच राहू द्यावं का. यंत्र काही बोलणार नव्हतं. जगातलं कुठलंच यंत्र यापुढं काही बोलणार नव्हतं. मग तिनं पर्स उघडली आणि घडी केलेले कागद तेजूच्या हातात दिले.

"ही कुणाची?"

"माझी. गाठ नाही, नुसता हिरडीचा नमुना. पहिली ओळ वाच."

तेजूनं वाचलं. साल २००५. ऋतू बहुधा पावसाळा. भाजलेली तंबाखू.

"पुडा एकच यायचा रोज," रत्नप्रभा म्हणाली. "सहा बिस्किटं. ती तुला. मशेरी लावली की भूक लागत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आधी मी स्वतःला लावली, मग तुला. आईनं मला लावली ती एकदाच, त्याच्या कितीतरी आधी; तिच्या हातनं असती तर माझ्या तोंडात तेच साल कशाला आलं असतं?"

तेजूचं बोट त्या सालावरच होतं. बोलली ती आई. तिचा आवाज कसातरीच निघाला.

"तूबी?"

रत्नप्रभानं मान हलवली.

"तूबी लावलीस? उपाशी हुतीस?" शेवंताबाईनं खाटेवरून पाय खाली सोडले. उभं राहता येत नव्हतं, म्हणून तिनं हात पुढं केले. "मला वाटलं दोघी खात हुता. एवडी वर्सं मला वाटलं, दोघी खात हुता." स्वतः न केलेला दोष तिनं पाच-सहा महिने अंगावर घेतला होता आणि तिचा डोळा ओला झाला नव्हता. आता ती रडू लागली, आणि रत्नप्रभाला धरून रडली.

तेजू त्या दोघींकडं बघत उभी होती. तिच्या हातात अजून ते कागद होते. तिनं ते उलटून पाहिले, दुसऱ्या पानावर काही आहे का म्हणून.

"दुसरी ओळ कुठाय?"

"नाही. एकच चूक आहे. बाकीच्या झालेल्या नाहीत."

"अजून," तेजू म्हणाली.

"अजून."

तिनं उशाचा डबा उचलला, झाकण काढलं. आंबील गार झाली होती. खाटेच्या कडेला बसून तिनं चमचाभर आंबील आईच्या तोंडापाशी नेली. आई खाईना, तेव्हा आधी तिनं स्वतः एक चमचा घेतला, नव्या कातडीला झोंबलं तसे डोळे मिटले, गिळला, आणि पुन्हा चमचा पुढं केला. मग आईनं तोंड उघडलं. असं एकीआड एक करत अर्धा डबा संपला.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," तेजू मग म्हणाली, मान वर न करता. "आईला मी इतके महिने डबे परत पाठवले. तू नेत होतीस. तुझ्या हातानं नेत होतीस."

"हो."

"ते मी विसरायची नाही."

"नको विसरूस."

तेजू उठली. दारातून दुपारचं ऊन आत आलं होतं. तिनं रत्नप्रभाचे खांदे धरले आणि तिला त्या उन्हात उभं केलं, तोंड बाहेर करून. मग एका हातानं तिची हनुवटी पकडली, शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी पोरांची पकडतात तशी.

"आ कर, अक्का."

रत्नप्रभानं तोंड उघडलं. तेजूनं चमच्याच्या दांड्यानं तिचा डावा गाल बाजूला केला आणि वाकून आत पाहिलं. खालची हिरडी, गालाची आतली बाजू, जिभेखाली. बराच वेळ पाहिलं. आत सगळं गुलाबी होतं, ओलं, तुळतुळीत, कुणाच्याही तोंडात असतं तसं.

"काय दिसतंय गं?" खाटेवरून आईनं विचारलं.

"काही नाही," तेजू म्हणाली. तिनं चमचा काढला, पण हनुवटी सोडली नाही. "पुढच्या महिन्यात परत बघणार आहे. आणि त्याच्या पुढच्या. मिटू नकोस अजून, उजवी बाजू राहिलीय."